दुपारचा तिचा तास

६ जानेवारी

प्रिय बडबडे,

“रोज हात लावा त्याला, नाहीतर तो दुसऱ्याच कुणाचा तरी होऊन बसेल.”

आमच्या कार्यशाळेतल्या मोठ्या बाई फार वर्षांपूर्वी हे एका ट्रकवाल्याला म्हणाल्या होत्या. मी तेव्हा नुकती नोकरीला लागले होते आणि कृत्रिम पायांना आतून मऊ अस्तर चिकटवायचं काम करत होते. त्या माणसाचा पाय गुडघ्याखालून गेलेला. नवा पाय चोख बसत होता, पण तो चढवायचा म्हटलं की त्याला दरदरून घाम फुटायचा. उरलेल्या पायाकडे तो बघायचासुद्धा नाही. धुवायचा बायकोनं, पुसायचा नर्सनं, मापायचा आम्ही. बाईंनी त्याच्यापुढे कापडाचे तुकडे मांडले. सुती, लोकरीचा, खरखरीत गोणपाटाचा. म्हणाल्या, सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या हातानं चोळायचं. तुमचा तुम्हीच. तो मोठा दांडगा माणूस लहान मुलासारखा रडला, पण महिन्याभरानं चालत आला. आम्ही अजूनही प्रत्येकाला हेच करायला लावतो.

हे तुला का सांगतेय? परवा फोनवर तू हळूच म्हणालीस, “ताई, गर्भाशय काढल्यापासून हे अंग माझं राहिलंच नाही. डॉक्टरांचं झालंय, ह्यांचं झालंय, गोळ्यांचं झालंय.” तेवढ्यात मागे माझा भाऊ खोकला आणि तू पडदे धुवायला टाकल्याचं सांगायला लागलीस. म्हणून हे पत्र तुझ्या लायब्ररीच्या पत्त्यावर. नणंद-भावजयीनं जगाच्या रीतीप्रमाणे एकमेकींची उणीदुणी काढायची. आपण ते कधी केलं नाही, तेव्हा आता हेही करून बघू.

माझा नवरा गेला त्यानंतर मी कामावर जात होते, जेवत होते, पण मान खाली घालून आंघोळ करायचे. आरसा टाळायचे. लोक म्हणायचे, मन रमव. मन कुठे रमवायचं, ते राहतं त्या घरातच शिरवत नव्हतं. मग एका रविवारी दुपारी अंग पुसताना मला जाणवलं की या कातडीला अजून सुख कळतं. मी पलंगावर आडवी झाले आणि ते सुख मी मला दिलं. इतकंच लिहिते, बाकीचं तुला समजेल. नंतर खूप रडले, मग गाढ झोपले, आणि उठले तेव्हा मला भूक लागली होती. कित्येक महिन्यांत लागली नव्हती अशी.

त्यानं दुःख संपत नाही, बडबडे. पण दुःख सोसायला कुणीतरी घरी परत आलेलं असतं.

लिहून झालं आणि आता कान गरम झालेत. वाचून फाडून टाक.

तुझी,
ताई

१५ जानेवारी

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी लायब्ररीत पुस्तकं चिकटवायच्या टेबलावर उघडलं, आणि खळ पुस्तकाच्या पाठीऐवजी स्वतःच्या बाहीला फासली. पुस्तकांची कपाटं लावणाऱ्या आमच्या कपाटवाल्या बाई म्हणाल्या, “काय हो, कुणी गेलं का?” मी म्हटलं, “नाही हो, कुणीतरी परत आलंय म्हणे.” त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

तुम्ही इतक्या सोज्वळ दिसता हो ताई! लग्नात तुम्ही मला पदर नीट घ्यायला लावला होता.

आता खरं सांगते. मला झोप नाही. डोळे मिटले की ऑपरेशनचा दिवा वर येतो. म्हणून दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंकडे जाते ते तुम्हाला माहीतच आहे. मागच्या वेळी त्यांनी विचारलं, “स्वतःला कधी सुख देता का?” मी म्हटलं, “हो, चहात साखर जास्त घालते.” बाई खूप हसल्या, आणि मग तो पुस्तकी शब्द, हस्तमैथुन, त्यांनी असा उच्चारला जसा पोस्टातला माणूस पिनकोड सांगतो. मला खुर्चीत बसवेना. म्हणाल्या, त्यानं अंग सैल पडतं, झोपेला मदत होते, मनावरचा ताण उतरतो. वेड लागत नाही, अशक्तपणा येत नाही. करायलाच हवं असंही नाही. पण ते सर्वस्वी तुमचं असतं, कुणाला विचारावं लागत नाही, कुणाला सांगावं लागत नाही.

हेच तर अवघड आहे ना ताई. आमचं घर तुम्ही पाहिलंय. खाली ह्यांचं औषधांचं दुकान, वर आम्ही, मध्ये लाकडी तक्तपोशी. मी पलंगावरून उठले की खाली गल्ल्यावर ह्यांना कळतं. वर येऊन विचारतात, “खिडकीशी का गेली होतीस?” काळजीच आहे ती, मी नाही म्हणत नाही. संध्याकाळी दूध स्वतः गरम करतात, झोपेची अर्धी गोळी त्यात विरघळवतात, कारण गिळताना मला ढवळतं. मी पिऊन होईपर्यंत उभे राहतात. मग पेला उजेडात धरून बघतात, तळाशी काही राहिलं का ते. दुकानात काचेच्या मापाकडे बघतात ना, अगदी तसंच.

त्या गोळीनं झोप लागते असं म्हणता येत नाही. कुणीतरी दिवा विझवतं, इतकंच.

पत्र फाडलं नाही. अजून एकदा वाचायचं आहे.

तुमची,
बडबडी

२४ जानेवारी

प्रिय बडबडे,

घाई करू नकोस. आमच्याकडे पहिल्या दिवशी गोणपाट देत नाहीत, आधी मऊ कापड. नुसतं हातावर हात ठेवून पड. आणि गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. समुपदेशक बाई आणि डॉक्टर मिळून सांगतील तशीच कमी कर.

पेल्याचं वाचून मला हसू आलं. आमचा बाळ्या लहानपणी माझ्या ताटात डोकावून बघायचा, सगळं खाल्लं का म्हणून. आता पन्नाशीला आला तरी सवय गेली नाही. जीव लावतो, पण चिकटून लावतो. मनावर घेऊ नकोस.

ताई

१२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

कशी सुरुवात करू? तुम्ही कराल तशीच, आडवळणानं.

लायब्ररी दुपारी सुटते. मी घरी येते, जेवते, आणि त्यानंतर हे खाली आणि मी वर, असा एक तास असतो. त्या तासात आधी मी नुसती पडून राहिले, तुम्ही म्हणालात तशी. लाज पहिल्यांदा आली, ती काही केल्या जाईना. सासूबाईंचा फोटो उलटा करावा का, असंही वाटलं. मग टाक्यांच्या व्रणावर हात ठेवला. ऑपरेशन झाल्यापासून मी त्याला हात लावला नव्हता, ताई. डॉक्टरांनी लावला, ह्यांनी रोज मलम लावताना लावला, मी नाही. तो गरम होता. मला वाटलं होतं गार असेल.

पुढचं पुढच्या दुपारी, आणि त्याच्या पुढच्या. एवढंच सांगते की इतके दिवस माझे कान सतत जिन्याकडे असायचे, आणि एका क्षणी मी ऐकायचं सोडून दिलं. नंतर अंग असं पडलं, जसं शाळेतून आलेलं पोर दप्तर कोपऱ्यात भिरकावतं. आणि झोप! दिवा विझवणारी नाही. हळूहळू पायरी पायरीनं उतरणारी, आपली आपण.

बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, याचं श्रेय एकट्या त्याला नका देऊ, तुम्ही बोलायला लागलात, चालायला लागलात, हे सगळं मिळून आहे. डॉक्टरांनी गोळी आधी पाव केली, आता पूर्ण बंद. परवा लायब्ररीत मी गुणगुणत होते म्हणे. कपाटवाल्या बाईंनी सांगितलं, “सूर लागत नाही तुमचा, पण चालू द्या.”

फक्त हे खुश झाले नाहीत. डॉक्टरांची चिठ्ठी दोनदा वाचली, घडी घालून खिशात ठेवली. म्हणाले, “डॉक्टर दहा मिनिटं बघतो. तुला बघतो मी.” दूध अजून देतात. साधंच असतं असं म्हणतात. मग विचारायला लागले, लायब्ररीत कोण कोण येतं? पुरुष किती, बायका किती? मी कपाटवाल्या बाईंचं नाव घेतलं तर म्हणाले, “त्यांच्यामुळे माणूस गुणगुणत नाही.”

काल दुपारी मी दार उघडलं तर ते जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे होते. हातात काही नव्हतं. दुकान उघडंच टाकून आले होते. मला बघून तसेच परत खाली गेले, आणि ताई, पायरी वाजली नाही. म्हणजे न वाजवता चढता येतं त्यांना.

उगीच लिहिलं हे. थंडी वाजते आहे म्हणून वाटलं असेल.

तुमची,
बडबडी

२० फेब्रुवारी

प्रिय बडबडे,

तुझं पत्र मी प्लास्टरच्या हातांनी वाचलं, कागदावर पांढरे ठसे उमटले ते तसेच ठेवलेत. किती बरं वाटलं म्हणून सांगू! मोठ्या बाई असत्या तर त्यांना सांगितलं असतं, “बघा, एक जण चालायला लागली.”

आणि बाळ्याची काळजी सोड, तो गुंता मी सोडवलाय. काल संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज बसलेला. म्हणाला, “ताई, तिचं कुणीतरी आहे.” मी म्हटलं, “कुणीतरी म्हणजे?” म्हणाला, “गोळीशिवाय झोपते. हसते. दुपारी दार लावून घेते. मला सांग, माणूस उगीच बरा होतो का?” रडत होता गं. मी वाढवलेला पोरगा माझ्या कानात रडत होता. तुझ्यावर आळ येतोय, आणि मला खरं ठाऊक असताना मी तोंड बंद करून बसू?

मी सांगून टाकलं. म्हटलं, “वेड्या, कुणी नाहीये. तिची तीच आहे. स्वतःच्या अंगाला स्वतः सुख देते, त्यानं तिला शांत वाटतं, दवाखान्यातल्या बाईंनाही ठाऊक आहे. तुझं काही कमी होत नाही त्यात. तिला तेवढी दुपार असू दे.” मला वाटलं ओरडेल. मागे दुकानातली काच पुसल्याचा आवाज येत होता. मग अगदी हळू म्हणाला, “बरं झालं सांगितलंस, ताई. आता मला काय करायचं ते कळलं.”

बघ, समजूतदार आहे तो. लहानपणापासून माझं ऐकतो. आता तुला धास्ती नाही.

तुझी,
ताई

१८ मार्च

ताई,

तुम्ही का सांगितलंत?

रागावले नाही मी. रागवायला ज्या जागी जोर लागतो ती जागा सापडत नाही. हे पत्र लायब्ररीत लिहितेय, अधूनमधून टेबल वर येतं आणि खाली जातं.

ते एक शब्द मोठ्यानं बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी घरी आले तर आमच्या खोलीच्या दाराची आतली कडी काढलेली. चार भोकं उरली होती, त्यात लाकडाचा भुसा भरून, घासून, रंग लावून गुळगुळीत केलं होतं. म्हणाले, “हवा खेळती राहील.” पलंग जिन्याच्या बाजूच्या भिंतीला सरकवला. दुपारी जेवण झाल्यावर दुकान तासभर बंद ठेवतात आता, आणि वर येऊन खुर्चीत बसतात. वर्तमानपत्र उघडं असतं. पान उलटत नाहीत.

समुपदेशक बाईंकडे माझ्याबरोबर आले. मला बोलूच दिलं नाही. “हिला जुनाच त्रास परत सुरू झालाय, फक्त वेगळ्या रूपात.” बाई म्हणाल्या, “यात त्रास कुठला? या बऱ्या होत आहेत. मला यांच्याशी एकटीशी बोलायचंय.” हे हसून म्हणाले, “नवरा-बायकोत एकटं काय असतं?” त्यानंतर आम्ही गेलो नाही.

मी त्यांना विचारलं, “माझं काय चुकलं?” माझ्या केसांवरून हात फिरवला, ताई. म्हणाले, “तुझं नाही चुकलं. मीच कमी पडलो. आता कमी पडणार नाही.”

दूध कडू लागतं. मी म्हटलं तर म्हणाले, तुझी जीभ कडू आहे. एकदा कुंडीत ओतलं. पेला उजेडात धरला, मग कुंडीतली माती बोटावर घेऊन बघितली, आणि खाली जाऊन दुसरं दूध आणलं. आता मी पिते.

बाकी तसं बरं आहे. तुमची तब्येत कशी आहे? इथे लिहून परत वाचलं तर बाकी तसं बरं आहे असं लिहिलंय. ते खोडत नाही.

दुपारी मी हात पांघरुणाबाहेर ठेवते. दोन्ही. ते बघत असतात.

बडबडी

२२ मार्च

माझ्या बाई गं,

चुकले. तुझी गोष्ट होती, मी माझी समजून वाटून टाकली. आणि वाटली कुणाला, तर ज्याला ती कधीच कळायला नको होती. मला वाटलं संशय फिटला की भीती फिटेल. त्याची भीती परक्या माणसाची नव्हतीच, हे मला तुझं पत्र वाचून कळलं.

तुझा फोन लागत नाही. त्याला केला तर म्हणतो, तुझा फोन दुरुस्तीला दिलाय आणि तू झोपली आहेस. सकाळी केला, तू झोपली आहेस. दुपारी केला, झोपली आहेस.

ऐक. कडू लागणारं दूध पिऊ नकोस. हे पत्र मिळालं की घरी जाऊ नकोस, लायब्ररीतून थेट समुपदेशक बाईंकडे जा, आणि तिथून मला फोन कर. मी येऊन तुला घेऊन जाईन. माझी एक खोली तुला दिली. तिला आतून कडी आहे.

ताई

३० मार्च

सप्रेम नमस्कार,

मी लायब्ररीत कपाटं लावते. आपल्या भावजयीच्या नावानं आलेलं हे पत्र न उघडता परत पाठवते आहे. पाकिटामागे आपला पत्ता होता म्हणून बरं. त्या आता कामाला येत नाहीत. त्यांचे यजमान येऊन राजीनामा देऊन गेले, त्यावर सही आपल्या भावजयीचीच होती, पण अक्षर उताराला लागल्यासारखं खाली गेलेलं. यजमान मोठे सभ्य आहेत. आमच्या सगळ्यांसाठी खोकल्याच्या गोळ्या घेऊन आले होते.

मी मुद्दाम त्यांच्या रस्त्यानं गेले. त्या खिडकीत बसलेल्या दिसल्या. हात हलवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण ओळखलं नाही असं वाटलं. आपण नात्यातल्या आहात, म्हणून कळवलं.

९ एप्रिल

प्रिय ताई,

मी बरी आहे. हे माझी फार काळजी घेतात. मला झोप चांगली लागते. झोप चांगली लागते. तुम्ही माझी काळजी करू नका. मी आता काही करत नाही. हवा चांगली आहे. हे माझी

(ताई, ती दमली, म्हणून पुढचं मी लिहितो. तुला पत्र लिहायचंच असा हट्ट धरून बसली होती, म्हणून तिला लिहायला दिलं. शब्दांवरून तुला कळेलच की ती किती शांत झाली आहे. तुझा, बाळ.)

१६ एप्रिल

ती. ताईस सा. न.

तू रोज फोन करतेस, त्यानं गिऱ्हाइकांसमोर मला उत्तरं द्यावी लागतात. म्हणून सविस्तर लिहितो.

तिची प्रकृती घरी सांभाळण्यापलीकडे गेली आहे. तिला जेवताना घास उचलायचं भान राहत नाही. हे त्या घाणेरड्या सवयीचे परिणाम आहेत, आणि ती सवय तिला कुणी लावली ते आपण बोलायला नको. दवाखान्यातल्या त्या बाईंबद्दल मी तक्रार केली आहे. तुझ्याबद्दल मनात काही ठेवलेलं नाही. तू एकटी राहतेस, एकट्या बाईला काहीबाही सुचतं.

टेकडीपलीकडे एक विश्रामगृह आहे. शांत जागा आहे, भिंती उंच आहेत, रुग्णांवर दिवसरात्र लक्ष असतं. तिला तिथे दीर्घकाळ ठेवावं असं मी ठरवलं आहे. त्यांची औषधं माझ्याच दुकानातून जातात, त्यामुळे काय दिलं जातंय यावर माझी नजर राहील. दाखल करण्याच्या कागदावर नवऱ्याबरोबर घरातल्या आणखी एका जवळच्या माणसाची सही लागते. तिच्या माहेरी कुणी उरलं नाही. म्हणून कागद सोबत पाठवतो. जिथे खूण केली आहे तिथे सही कर आणि परतीच्या टपालानं पाठव. गुरुवारी गाडी सांगितली आहे.

मी तिच्यासाठी काय काय केलं ते तुला माहीत आहे. तू माझी आईच आहेस, तू नाही म्हणणार नाहीस.

तुझा,
बाळ

१९ एप्रिल

बाळ्या,

कागद परत पाठवत नाही. तो आता माझ्या हातून त्या समुपदेशक बाईंकडे गेला आहे, तुझ्या पत्रासकट आणि तिच्या पत्रासकट. बाईंनी तिची आधीची सगळी टिपणं काढली. डॉक्टरांनी गोळी कधी बंद केली होती ते त्यांनी स्वतः लिहून दिलं. त्यानंतर तिच्या दुधात काय जात होतं ते तिचं रक्त तपासल्यावर कळेल, असं ते म्हणाले. मी हे तुला घाबरवायला लिहीत नाही. तुला आधी सांगून यायची मला सवय आहे, म्हणून लिहिते.

आई गेली तेव्हा तू तिच्या कुशीत झोपला होतास. आम्ही तुला उचललं तेव्हा तू जागा झालास आणि म्हणालास, आईला उठवा. त्यानंतर कितीतरी दिवस तू मला झोपू द्यायचा नाहीस. मी डोळे मिटले की तू बोटांनी माझी पापणी उचलून आत बघायचास. मी ओरडायचे नाही. पोरका आहे, म्हणायचे. तुला बघू द्यायचे. आज वाटतं, एकदा तरी हात झटकायला हवा होता. झोपलेलं माणूस आपलं नसतं, त्या वेळात ते त्याचं त्याचं असतं, आणि तरीही सकाळी परत येतं, हे तुला शिकवायचं राहून गेलं.

ती बरी होत होती, बाळ्या. तुझ्या घरातच, तुझ्या डोक्यावरच्या खोलीत. ज्या अंगाची तिला किळस आली होती त्याच्याशी ती बोलायला लागली होती. तिला भूक लागत होती, तिला बेसूर का होईना गावंसं वाटत होतं. त्यात कुणाचं काही हिरावलं जात नव्हतं. एकच गोष्ट तुला सोसली नाही, की तिला झोप लागली आणि ती तू दिलेली नव्हती. घाणेरडं म्हणतोस तू त्याला. मी रोज तुटलेली अंगं हातात घेते, तेव्हा घाणेरडं काय असतं ते मला चांगलं ठाऊक आहे. कुणाला त्याच्या स्वतःच्याच अंगाला हात लावायची बंदी करणं, हे घाणेरडं.

आणि मी एकटी राहते म्हणून मला काहीबाही सुचतं, हे खरंच आहे. मला सुचलं की बुधवारी सकाळच्या गाडीनं यावं. माझ्याबरोबर समुपदेशक बाई असतील, डॉक्टर असतील, आणि पोलीस चौकीतली एक बाई असेल. दुकानाच्या दारातून येऊ. गिऱ्हाइकं असतील तर असू देत. हे मी तुझ्याकडे मागत नाहीये, कळवते आहे. ती आमच्याबरोबर येईल की नाही ते ती ठरवेल, आणि तिला ठरवता येण्याइतकी शुद्ध येईस्तोवर मी तिच्याजवळ बसेन.

मागणं एकच आहे.

आम्ही वर जाऊ तेव्हा तू खाली थांब. जिना चढू नकोस, वाजवत नाही आणि न वाजवताही नाही. तक्तपोशीखाली उभा राहून कोण कुठल्या पायावर उभं आहे ते मोजू नकोस. दार लावून घेतलं तर लावू दे. आत ती माझ्याशी काय बोलली, रडली का, हसली का, ते नंतर मला विचारू नकोस. तिला विचारू नकोस. आज नाही, उद्या नाही, ती परत आली तरी नाही, कधीच नाही.

तू नाही म्हणशील. तुझ्या पावलांचा आवाज मला आत्ताच ऐकू येतो आहे. तरी मागते.

ताई